स्तंभावरचे घरटे

(शास्त्राभ्यास)

शास्त्रपाठ : सफन्या २:१३ ते ३:२, हबक्कूक २:९-१२, आमोस ९:१, ११-१५



आजच्या अभ्यासाचा आरंभ एका चित्रापासून करू या.

संध्याकाळची वेळ आहे. सूर्य नुकताच मावळला असून समुद्रावर चंद्र वर येत आहे. खाडीच्या दोन्ही काठांवर एका थोर नगराचे भग्नावशेष पसरले आहेत. एका मंदिराचे मोडके खांब दिसतात. एकेकाळी ज्यावरून विजययात्रा गेली त्या पुलाच्या तुटक्या कमानी दिसतात. चित्राच्या पुढच्या भागात एक उंच स्तंभ एकटाच उभा आहे. त्याच्या अंगावर वेली चढल्या आहेत. त्याच्या माथ्यावर मावळतीचा शेवटचा उजेड पडला आहे आणि तेथे बगळ्याच्या जातीच्या एका पक्ष्याने घरटे बांधले आहे. माणूस मात्र चित्रात कोठेही नाही.

हे चित्र टॉमस कोल या चित्रकाराचे. कोल यांचा जन्म १८०१ मध्ये इंग्लंडातील लँकशायर परगण्यात झाला. १८१८ मध्ये त्यांचे कुटुंब अमेरिकेस गेले. पुढे इटलीत राहून त्यांनी रोमचे अवशेष डोळे भरून पाहिले, आणि १८३३ ते १८३६ या काळात 'साम्राज्याचा मार्गक्रम' या नावाची पाच चित्रांची मालिका रंगविली. वर वर्णन केलेले 'ओसाडी' हे तिच्यातील पाचवे व शेवटचे चित्र होय. मालिका ज्यांच्या सांगण्यावरून तयार झाली ते न्यूयॉर्कचे व्यापारी लूमन रीड ती पुरी होण्यापूर्वीच, १८३६ मध्ये, निधन पावले. पाचही चित्रे आज न्यूयॉर्क येथील ऐतिहासिक संस्थेच्या संग्रहात आहेत, आणि त्यांच्या छापील प्रती पुस्तकांतून सहज पाहावयास मिळतात.

भग्नावशेषांचे चित्र पाहिले की आपण सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, "सर्व काही नाशवंत आहे." हे म्हणणे खोटे नाही, परंतु पवित्र शास्त्र तेवढ्यावर थांबत नाही. भग्न नगराकडे शास्त्र कोणत्या दृष्टीने पाहते आणि ती दृष्टी आपल्याकडून काय मागते, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

१. पाच चित्रे आणि एक दिवस

शेवटचे चित्र समजण्यासाठी आधीची चार पाहिली पाहिजेत. पहिल्यात पहाट आहे; रानातून एक शिकारी हरणामागे धावत आहे. दुसऱ्यात सकाळ आहे. मेंढपाळ, शेती आणि दगडी मंदिर दिसते. तिसऱ्यात भर दुपार आहे. संगमरवरी वास्तूंनी दोन्ही काठ भरून गेले आहेत आणि हत्ती जोडलेल्या रथातून एक विजेता पुलावरून नगरात येत आहे. चौथ्यात वादळ आणि आग आहे. शत्रू नगर लुटत आहे आणि पुढच्या बाजूस एका योद्ध्याचा प्रचंड पुतळा शिर तुटलेल्या अवस्थेत उभा आहे. पाचव्यात संध्याकाळ आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, मालिकेतील चार चित्रे सारख्याच आकाराची, म्हणजे सुमारे १०० सेंटिमीटर उंच व १६० सेंटिमीटर रुंद आहेत. दुपारचे वैभवाचे चित्र तेवढे त्यांहून मोठे, सुमारे १३० सेंटिमीटर उंच व १९३ सेंटिमीटर रुंद आहे. वैभव भिंतीवरदेखील अधिक जागा मागते. दुसरी ही की, पाचही चित्रांत एक कडा आहे आणि त्याच्या टोकावर एक मोठा धोंडा तोल सांभाळून बसला आहे. नगर उभे राहते, जळते, ओस पडते. धोंडा जागचा हलत नाही.

ही चित्रे प्रथम प्रदर्शनात मांडली तेव्हा मानवी इतिहास एकाच फेऱ्यात फिरत राहतो अशा आशयाच्या लॉर्ड बायरन यांच्या ओळी कोल यांनी बोधवाक्य म्हणून निवडल्या होत्या. दिवसाच्या प्रहरांची योजनाही तेच सुचविते. पहाट झाली की दुपार व्हावयाची आणि दुपारनंतर संध्याकाळ यावयाची. त्यात कोणाचा दोष? मावळत्या सूर्याला जाब कोण विचारणार?

हीच या चित्रमालेची मोठी मोहिनी आहे, आणि माझ्या मते तिची मोठी उणीवही हीच आहे. असे चित्र मनाला हळवे करते, पण कोणाला उत्तरदायी धरीत नाही. आता याच दृश्याकडे एका संदेष्ट्याच्या डोळ्यांनी पाहू या.

२. सफन्याने पाहिलेला स्तंभ

सफन्याने योशीया राजाच्या कारकिर्दीत संदेश दिला. अश्शूरची राजधानी निनवे त्या वेळी उभी होती. तिचा पाडाव पुढे ख्रि. पू. ६१२ मध्ये बाबेल व मेदी यांच्या सैन्यांनी केला. सफन्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी सांगतो की हे नगर रुक्ष रान होईल, त्यात कळप बसतील, त्याच्या खांबांच्या माथ्यांवर रानपक्षी रात्र काढतील, खिडकीतून आवाज येईल आणि उंबरठ्यावर ओसाडी असेल.

भाषांतराचे काम करताना या एका वचनापाशी, १४ व्या वचनापाशी, मी बराच काळ अडलो होतो. त्यातील अडचणी वाचकांपुढे ठेवतो. कारण अडचणींतच अर्थाची दारे असतात.

खांबाच्या माथ्यासाठी इब्री भाषेत 'कफ्तोर' हा शब्द आहे. निवासमंडपातील दीपवृक्षाच्या फुलांखाली जे बोंड घडवावयाचे होते (निर्गम २५:३१) त्यासाठीही हाच शब्द येतो. म्हणजे हा ओबडधोबड दगड नव्हे. कारागिराने नक्षी कोरून, सर्वांनी मान वर करून पाहावे म्हणून उंचावर बसविलेला हा दगड आहे. नगराचा अभिमान जेथे सर्वांत उंच आहे, नेमके तेथेच पाखरू जाऊन बसते.

पाखरू कोणते? मूळात 'काअथ' आणि 'किप्पोद' अशी दोन नावे आहेत आणि त्यांविषयी भाषांतरकारांचे एकमत नाही. कोणी पहिल्याला पाणपक्षी म्हणतात, कोणी घुबड. दुसऱ्याला कोणी साळू म्हणतात, कोणी पक्षी. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने दुसऱ्या शब्दासाठी बगळ्याच्या कुळातील एका पाणथळीच्या पक्ष्याचे नाव योजले आहे. कोल यांच्या काळातील इंग्रजी वाचकाच्या हाती तेच भाषांतर असे. स्तंभाच्या माथ्यावरील बगळा पाहून त्या पिढीतील शास्त्रवाचकाला सफन्या आठवला असेल तर त्यात नवल नाही.

तिसरी अडचण उंबरठ्यावरची. हल्लीच्या इब्री पाठात तेथे 'खोरेब' म्हणजे ओसाडी असा शब्द आहे. प्राचीन ग्रीक व लॅटिन भाषांतरांत मात्र तेथे डोमकावळा आहे, कारण त्यांनी तो शब्द 'ओरेब' असा वाचला. फरक एका अक्षराचा आहे. एका वाचनात उंबरठ्यावर कोणी नाही; दुसऱ्यात कावळा आहे. दोन्हींचे तात्पर्य एकच की घरधनी परतणार नाही.

आता वचनाचा शेवट पाहा. संदेष्टा म्हणतो की देवदारूचे काम उघडे पडले आहे. भिंतींना मढविलेले किमती लाकूड आणि त्याखाली झाकलेली भिंत! पुढच्याच वचनात तो या नगराच्या अंतःकरणातील बोल सांगतो: मीच आहे, माझ्यावाचून दुसरे कोणी नाही. म्हणजे ओसाडीला कारण आहे. निनवेचा सूर्य आपोआप मावळत नाही. जी पदवी एकट्या परमेश्वराची ती नगराने स्वतःकडे घेतली, म्हणून हे घडते.

आणि हे टळू शकत होते. याच निनवेने योनाच्या उपदेशाने पश्चात्ताप केला तेव्हा देवाने अरिष्ट आवरले. यिर्मया १८:७-८ मध्ये तर हा नियमच सांगितला आहे की, ज्या राष्ट्राविरुद्ध देव बोलला ते दुष्टाईपासून वळले तर तोही वळतो. मावळत्या सूर्याला "वळ" असे कोणी म्हणत नाही, माणसाला म्हणतात. चित्रकाराने पाचवे चित्र चौथ्यानंतर रंगविले. संदेष्ट्याने तिसऱ्या चित्राच्या भर दुपारी उभे राहून पाचवे चित्र पाहिले आणि लोक वळतील म्हणून ते मोठ्याने सांगितले. चित्र आणि संदेश यांतील भेद हाच आहे.

३. दगड कोणी वाहिले?

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरील एका शहरात मराठी मंडळीच्या सेवकांसाठी तीन दिवसांचा अभ्यासवर्ग होता. मी तेथे या पाच चित्रांच्या छापील प्रती नेल्या होत्या. जगाचे वैभव व्यर्थ आहे हा माझा विषय होता, आणि बोलणे बरे जमले असे मला वाटत होते. शेवटी मागच्या रांगेतील एक तरुण उठला. त्याचे वडील खाणीवर खडी फोडण्याचे काम करीत. तिसऱ्या चित्रावर बोट ठेवून तो म्हणाला, "सर, हे सगळे दगड वाहिले कोणी? ते यात कुठं दिसत नाहीत."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. विजेत्याच्या रथाभोवती पायी चालणारे बंदिवान आहेत असे कोल यांनी स्वतः चित्राच्या वर्णनात लिहिले आहे. परंतु तो मिरवणुकीचा भाग झाला. पाठीवर ओझे घेतलेला मनुष्य तेथे नाही. मी इतकी वर्षे ते चित्र पाहत होतो आणि त्याची अनुपस्थिती मला जाणवली नव्हती. त्या तरुणाला ती पहिल्याच दिवशी दिसली.

उत्तर मला पुढे निनवेतच सापडले. १८४० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्टिन हेन्री लेयर्ड यांनी आजच्या इराकमधील मोसूल शहरासमोर, तैग्रीस नदीच्या काठी, सन्हेरीबाचा राजवाडा उकरून काढला. हिज्कीयाच्या काळात यरुशलेमेवर चालून आलेला तो हाच सन्हेरीब (२ राजे १८ व १९ अध्याय). त्याच्या राजवाड्याच्या भिंतींवरील कोरीव शिलापट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांपैकी काहींवर राजवाड्याच्या दाराशी उभारावयाचा पंखांचा प्रचंड दगडी बैल घसरगाडीवरून ओढून आणण्याचे दृश्य आहे. दोरखंड खांद्यावर घेतलेल्या बंदिवानांच्या रांगाच्या रांगा वाकून ओढीत आहेत आणि मुकादम काठ्या उगारून उभे आहेत. त्याच राजवाड्यातील दुसऱ्या एका दालनात लाखीशच्या पाडावाचे शिलापट होते; त्यांवर यहूदातील कुटुंबे मुलाबाळांसह बंदिवासात चाललेली दिसतात.

म्हणजे दगड वाहणारे लपविलेले नव्हते. राजाने ते अभिमानाने आपल्या भिंतीवर कोरून घेतले होते. चित्रकाराने जे दाखविले नाही ते निनवेच्या भिंतीने दाखविले. हबक्कूक २:११-१२ आता पुन्हा वाचा. भिंतीतील धोंडा ओरडेल, तुळई त्याला उत्तर देईल, आणि रक्तपाताने नगर बांधणाऱ्याला धिक्कार असो, असे तेथे म्हटले आहे. संदेष्ट्याला दगडांचा आवाज ऐकू येत होता, कारण ते कोणाच्या खांद्यावरून आले हे तो विसरला नव्हता.

४. न्याय आपल्या दारी

येथवर आपण निनवेविषयी बोललो, तेव्हा आपले मन निवांत होते. सफन्याच्या श्रोत्यांचेही असेच झाले असेल. परंतु तिसरा अध्याय उघडताच तो बंडखोर, भ्रष्ट आणि जुलमी नगरीला धिक्कार करतो. तिचे नाव तो लगेच घेत नाही. श्रोत्याला वाटावे की ही अजून निनवेच आहे. मग दुसऱ्या वचनात कळते की तिने परमेश्वरावर भाव ठेवला नाही, ती आपल्या देवाजवळ आली नाही. म्हणजे ही यरुशलेम आहे!

आमोस याहूनही स्पष्ट आहे. नवव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात प्रभू वेदीजवळ उभा आहे आणि खांबांचे माथे असे हाण की उंबरठे हादरतील, अशी आज्ञा होते. माथ्यासाठी तोच 'कफ्तोर', आणि उंबरठ्यासाठीही सफन्याने योजलेलाच शब्द. फरक एवढाच की हे परराष्ट्राचे नगर नसून देवाच्या लोकांचे उपासनास्थान आहे. योशीयाचा पुत्र यहोयाकीम यानेही देवदारूने मढविलेले घर बांधले, तेव्हा यिर्मयाने (२२:१३-१७) त्याला विचारले ते शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेतल्याविषयी. त्याच्या बापाने दीनदुबळ्यांचा न्याय केला; मला ओळखणे ते हेच नव्हे काय, असा परमेश्वराचा प्रश्न तेथे आहे. यहूदाचे देवदारू आणि निनवेचे देवदारू यांना देवापुढे वेगळा न्याय नाही.

वाचकहो, येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या अभ्यासवर्गाच्या आधीच्या वर्षी आमच्या मंडळीने उपासनामंदिराला जोडून नवे सभागृह बांधले होते. मी इमारत समितीवर होतो. काम संपत आले असता कंत्राटदाराशी हिशेबाचा वाद झाला. आम्ही त्याचा शेवटचा हप्ता रोखून धरला आणि त्याने मजुरांची मजुरी रोखली. एक वृद्ध गवंडी आणि विटा वाहणाऱ्या दोन बाया एके दिवशी दारी आल्या. "हे तुम्ही कंत्राटदाराला विचारा, यात मंडळीचा संबंध नाही," असे सांगून मीच त्यांना परत पाठविले. त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही. पंधरा दिवसांनी अर्पणविधी झाला. भिंतीवर संगमरवरी फलक बसला. त्यावर समितीच्या सभासदांच्या नावांत माझे नाव आहे.

त्या तरुणाने प्रश्न विचारला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो फलक आला. परतल्यावर मी समितीपुढे विषय मांडला. थोडी वादावादी झाली. पण अखेर आम्ही सभासदांनी स्वतःच्या खिशातून ती मजुरी भरावयाचे ठरविले. गवंडी सापडला. त्याने पैसे घेतले, मोजले आणि काही न बोलता निघून गेला. त्या दोन बाया मात्र दुसऱ्या कामावर, दुसऱ्या गावी गेल्या होत्या. पुष्कळ चौकशी करूनही त्यांचा पत्ता लागला नाही. त्यांच्या वाट्याचे पैसे गरजूंच्या निधीत गेले, पण ऋण ज्यांचे होते त्यांना ते फिटले नाही. रोखून ठेवलेली मजुरी ओरडते असे याकोब म्हणतो (५:४). ते वचन मी अनेकदा शिकविले होते. त्या फलकाखालून जाताना ते मला आजही ऐकू येते.

म्हणून भग्न नगराचे चित्र पाहताना "जगाचे वैभव असे नष्ट होते" एवढेच म्हणणे सोपे आहे. आपण बांधत असलेल्या भिंतीतील धोंडा आज काय ओरडत आहे, हे विचारणे अवघड आहे. आणि शास्त्र आपल्याला हेच विचारावयास लावते.

५. पडलेली खोप

मग ओसाडी हाच शेवट आहे काय? कोल यांच्या मालिकेत सहावे चित्र नाही. आमोसाच्या नवव्या अध्यायात मात्र ते आहे. ज्या अध्यायाचा आरंभ खांबांचे माथे फोडण्याने होतो, त्याच्याच अकराव्या वचनात परमेश्वर म्हणतो की त्या दिवशी मी दाविदाचा पडलेला मंडप उभारीन, त्याची खिंडारे बुजवीन. पुढे ओसाड नगरे पुन्हा वसण्याचे, द्राक्षमळे लावण्याचे आणि लावणाऱ्यांनीच त्यांचा द्राक्षारस पिण्याचे वचन आहे. ज्याचे श्रम त्यालाच फळ! दगड वाहणाऱ्यांच्या प्रश्नाला देवाचे हे उत्तर आहे.

मंडपासाठी येथे 'सुक्का' हा इब्री शब्द आहे. फांद्यापाल्याचा आडोसा, मळ्यातील राखणदाराची खोप, असा त्याचा अर्थ होतो. यशया १:८ मध्ये तो द्राक्षमळ्यातील खोपीसाठीच आला आहे. 'मंडप' म्हटले की मराठी वाचकाला झालरी आणि रोषणाई आठवण्याचा संभव आहे. मूळ शब्द गरीब आहे. देव जे पुन्हा उभारतो ते संगमरवरी नगर नव्हे. ती खोप आहे, जिच्यात राजा आणि राखणदार यांना सारखेच वाकून शिरावे लागते.

यरुशलेमेतील सभेत याकोबाने हेच वचन पुढे केले (प्रे. कृ. १५:१६-१७). परराष्ट्रीयांना देवाच्या लोकांत घ्यावे की नाही हा तेथे प्रश्न होता. तुम्ही आणि मी, मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक, याच खोपीच्या दाराने आत आलो आहोत. आणि जो ती उभारावयास आला तो प्रभू येशू हातकाम करून पोट भरणाऱ्या घरातील होता. मार्क ६:३ मध्ये त्याच्यासाठी आलेला 'तेक्तोन' हा ग्रीक शब्द बांधकाम करणाऱ्या कारागिरासाठीही वापरला जाई. मंदिराचे प्रचंड धोंडे पाहून शिष्य थक्क झाले तेव्हा तो थक्क झाला नाही (मार्क १३:१-२). नगर पाहून मात्र तो रडला (लूक १९:४१). ओसाडी येण्यापूर्वी, भर दुपारी, तो रडला.

पुढच्या वेळी एखादा पडका किल्ला, ओस पडलेला वाडा किंवा भग्न मंदिर चित्रात अथवा प्रत्यक्ष पाहाल, तेव्हा सुस्कारा टाकून पुढे जाऊ नका. त्यातील एक धोंडा निवडा आणि तो वाहून आणणारा मनुष्य डोळ्यांपुढे आणा. मग घरी परत या आणि आपला उंबरठा पाहा.

मननासाठी प्रश्न

१. सफन्या २:१५ मधील नगराचे बोल आपल्या मंडळीच्या, संस्थेच्या अथवा घराच्या कोणत्या वागणुकीत ऐकू येतात?

२. आपल्या घराच्या, शाळेच्या किंवा उपासनामंदिराच्या बांधकामात ज्यांनी श्रम केले त्यांच्यापैकी किती जणांची नावे आपणांस ठाऊक आहेत? कोणाचे देणे राहिले आहे काय?

३. देव नगर न म्हणता खोप उभारण्याचे वचन देतो. आपण प्रार्थनेत त्याच्याजवळ यांपैकी काय मागतो?

प्रार्थना : हे प्रभू, भर दुपारी आम्हांला दृष्टी दे. आमच्या भिंतींतील धोंड्यांचा आवाज ऐकण्यास कान दे, आणि ज्यांचे आम्ही देणे लागतो ते सापडत आहेत तोवरच त्यांच्याकडे जाण्यास पाय दे. आमेन.